पाठमोरा

शुक्रवार, ता. ५ मार्च १९२०. जव्हार.

अखेर पोचलो, आणि सुखरूप पोचलो. नाशकाहून निघाल्यापासून एकसारखी धाकधूक होती की गाडीचा आस मोडेल, कळशी फुटेल, वाटेत माझे पोट बिघडेल. त्यातले काहीही झाले नाही. काल पोशेऱ्याजवळ बायकांनी रस्त्यावर दोरी आडवी धरून गाडी अडवली. मी घाबरून ट्रंकेवरच बसलो. गाडीवान हसून म्हणाला, बाबा, दरोडेखोर नाहीत, शिमग्याच्या बायका आहेत, गूळ दे आणि सूट. गूळ दिला. मग त्यांनी माझ्याच भोवती फेर धरला. साठी उलटल्यावर माझ्याभोवती कोणी नाचेल असे वाटले नव्हते. होळी मोखाड्याला पाहिली आणि आज दुपारी येथे उतरलो.

जागा फार छान आहे. वाचनालय म्हणजे पुढे एक लांब खोली, मध्ये मोठे टेबल, दोन खिडक्या, आणि मागे माझी खोली. हवा थंड. पाणी हलके वाटते, तरी उकळूनच पिणार. वाचनालय लाकडाचे व्यापारी तलकशीशेट यांनी स्वतःच्या खर्चाने काढले आहे. टेबलावर अंक मांडायचे आणि जुने अंक बांधून ठेवायचे, एवढे माझे काम. नाशकाच्या छापखान्यात अठ्ठावीस वर्षे बांधणीच केली. मालक गेले, छापखाना बंद झाला, आणि ओळखीतून हे मिळाले. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. इंग्रजीची अक्षरे ओळखतो, शब्द नाही.

झाडलोटीला व पाण्याला हौशी नावाची म्हातारी येते, शिरपामाळाच्या बाजूच्या पाड्यावरची. ती सगळ्यांना अरेतुरे करते, शेटलासुद्धा. इकडच्या डोंगरातल्या बोलीत 'तुम्ही' नसतेच म्हणे. मला पाहून म्हणाली, बाबा, तू इतका सुकलेला, तुला वाऱ्याने नेला तर मी कुठे शोधू?

चि. रघुनाथास पंजाबात कार्ड टाकले. तो तिकडे रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. वैशाखात रजा मिळाली की थेट येथेच यावे असे लिहिले. ही वहीसुद्धा त्याच्याच सांगण्यावरून. तो म्हणे, बाबा, मनात चरफडत बसता, त्यापेक्षा लिहीत जा. उरलेल्या कागदांची मीच बांधली आहे.

मंगळवार, ता. ९ मार्च

आज पहिला गठ्ठा आला. मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. शेट स्वतः आले, दार लोटून घेतले, आणि खरे काम सांगितले.

शेट रेल्वेला लाकडी स्लीपर पुरवतात. ते घेणारे साहेब अधूनमधून जव्हारला येतात आणि उन्हाचे वाचनालयात टेकतात. त्यांच्याबरोबर मराठी वाचणारा कारकून असतो. गोऱ्या माणसाने आपल्या माणसाला मारल्याचा मजकूर टेबलावर सापडला, तर शेटचा मक्ता जायचा. वाचनालय बंद करावे तर गावात हसे. म्हणून दर अंक टेबलावर जाण्यापूर्वी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, तसला मजकूर कात्रीने काढायचा, आणि शनिवारी चुलीत घालायचा. मी विचारले, मला नेमके कळेल ना? शेट म्हणाले, "सदोबा, कात्री चालवा, डोकं चालवू नका."

हलके काम आहे. कात्री माझ्या हातातलीच.

शनिवार, ता. १३ मार्च

दोन गठ्ठ्यांचे काढलेले तुकडे आज चुलीत घातले. कागद किती लवकर जळतो.

असा मजकूर क्वचित येत असेल असे मी समजत होतो. प्रत्येक अंकात आहे. चहाच्या मळ्यावर साहेबाने कुलीला लाथ मारली, पोटातली पाणथरी फुटून तो मेला, साहेबास दंड. आफ्रिकेत एका गुजराथी मुनिमाला गोऱ्यांच्या वाटेवरून चालला म्हणून चाबकाने फोडले. एका वकिलाला चालत्या गाडीतून ढकलले. आणि पंजाब. गेल्या वर्षी तिकडे जे झाले त्याच्या साक्षी आता छापून येत आहेत. माणसांना गल्लीतून पोटावर सरपटायला लावले, भर चौकात बांधून फटके मारले. सगळे सविस्तर, नावांसकट.

नाशकात हे कानावर आले नव्हते असे नाही. पण तिथे मी कागद दुमडत असे. त्यावर काय छापले आहे ती काळजी दुसऱ्याची. येथे मला ओळ न् ओळ वाचावी लागते, कारण एखादी राहिली तर? संध्याकाळी पुन्हा एकदा सगळे अंक तपासले. मग आणखी एकदा.

रघुनाथ त्याच मुलखात. गडबडीच्या वेळी त्याचे कार्ड आले होते: मी खुशाल आहे, काळजी नसावी. तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि विसरलो. आज ट्रंकेतून सगळी कार्डे काढून पाहिली. त्या महिन्याआधी तो पानभर लिहीत असे, वरणात मीठ जास्त झाले हेसुद्धा. त्यानंतर प्रत्येक कार्डावर एकच ओळ आहे. मी खुशाल आहे.

मंगळवार, ता. २३ मार्च

वाचायला पाचसात माणसे येतात. समोरच्या ओट्यावर इदरीस शिंप्याचे मशीन आहे. काम नसले की तोही येतो. मोठा विनोदी माणूस. आज अंक उचलून भोकातून हात घातला आणि म्हणाला, "सदोबाचाचा, याचा सदरा शिवून देऊ काय? बाह्या तुम्ही कापून ठेवल्याच आहेत." सगळे हसले. मीही हसलो.

नंतर मात्र तो हळूच म्हणाला की आम्हाला वाचता येते, चाचा, भोकसुद्धा वाचता येते. लहान भोक असले तर एखाद्याला मारले. मोठे असले तर पुष्कळांना. मागच्या अंकाचे अर्धे पान नव्हते, तर माझी बायको शहरबानो दोन दिवस मुलांना बाजारात पाठवीना.

मी शेटला सांगितले की लोकांना कळते. शेट म्हणाले, कळू दे, साहेबाला कळत नाही ना?

शुक्रवार, ता. २ एप्रिल

झोप नीट नाही. पोटही ठीक नाही. हिंग घेतो.

हौशी अंगणात चटई काठीने झोडपत होती. मी आत खळ ढवळत होतो. माझ्या तोंडून एक, दोन, तीन असे निघत होते ते मला सातव्याला कळले. मी बाहेर जाऊन तिच्यावर ओरडलो. इतके की इदरीसचे मशीन थांबले. हौशी काठी टाकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चटईला लागत नाही रे."

लाज वाटली. मी असा माणूस नव्हतो. छापखान्यात मला गोगलगाय म्हणत.

शुक्रवार, ता. ९ एप्रिल

आज मुंबईच्या इंग्रजी सचित्र साप्ताहिकात फोटो आला. आजवर सगळे अक्षरांत होते.

चौक आहे. लाकडाची तिरकी चौकट उभी केली आहे. पंजाबच्या साक्षींत वाचली होती तीच टिकटी, तुरुंगात असते तशी. तिला एक माणूस बांधला आहे, दोन्ही हात वर, कमरेपर्यंत उघडा. बाजूला एक शिपाई, हात मागे उगारलेला. पलीकडे टोप्या घातलेले गोरे, एकाच्या तोंडात चिरूट. कडेला उभी करून ठेवलेली माणसे, त्यांचे चेहरे पुसट.

बांधलेला माणूस पाठमोरा आहे. चेहरा दिसत नाही. डोक्याची मागची बाजू तेवढी. डावा खांदा उजव्याहून खाली.

रघुनाथ सहा वर्षांचा असताना आंब्यावरून पडला. त्याचा डावा खांदा उजव्याहून खाली आहे. दोन महिने मी रोज त्या पाठीला तेल लावत होतो. ती पाठ मी विसरेन काय?

कापून काढला. टेबलाखाली बसून काढला, कोणी येईल म्हणून.

शनिवार, ता. १० एप्रिल

बाकीचे तुकडे जाळले. फोटो जाळला नाही.

चुलीपर्यंत नेला होता. पण जिवंत माणसाची छबी विस्तवात कशी घालायची? बापाने मुलाला अग्नी द्यायचा? तोही वैशाखात घरी येणाऱ्या मुलाला? हात मागे आला. शेटनी विचारले, सगळे जाळले ना? मी हो म्हणालो. अठ्ठावीस वर्षांत मालकाशी खोटे बोललो नव्हतो.

फोटो या वहीच्या पुठ्ठ्याच्या अस्तरात घातला आहे. एक कड चिकटवलेली नाही, लागला तर काढता यावा.

बुधवार, ता. १४ एप्रिल

सकाळपासून चार वेळा काढून पाहिला. पाहू नये असे ठरवून काढतो. तो रघ्या नाही असे एकदा पटले की संपेल. खांदा पाहतो, कंबर पाहतो. पटत नाही. मग परत ठेवतो, हात धुतो, आणि हात वाळायच्या आत पुन्हा काढतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. शुक्रवारी फोटोत त्याचा कान दिसत नव्हता. मी नीट पाहिले होते. आज दिसतो. डाव्या कानाची पाळी.

शनिवार, ता. १७ एप्रिल

हौशीचा भाऊ जिव्या वाचनालयासाठी लाकडे घेऊन आला. मोळी उतरवून पाण्यासाठी वाकला. उघडी पाठ. तिच्यावर वळ. मी त्याला खांद्याला धरून उजेडात ओढले आणि विचारले, कोणी मारले? कोणत्या साहेबाने?

तो घाबरून हौशीकडे पाहू लागला. ती म्हणाली की अर्धे दोराचे आहेत, अर्धे शेटच्या मुकादमाच्या काठीचे. त्यात काय? "पाठ काय पाहतोस, बाबा? इकडे सगळ्यांचीच पाठ अशी आहे. तू आज पाहिलीस."

मी महिनाभर या पाठी रस्त्यावरून जाताना बघत आलो आहे आणि मला एकही दिसली नव्हती. आता बाजारात गेलो की पाठीच दिसतात. नागली विकणाऱ्याची, मोळीवाल्याची. मी मान खाली घालून चालतो.

मंगळवार, ता. २० एप्रिल

गालाचे हाड दिसते.

मी खोटे लिहीत नाही. भिंग आणून पाहिले. आधी मागची बाजू होती, मग कान, आता गाल. तो मान वळवतो आहे. फार सावकाश, पण वळवतो आहे. इकडे. मी जिथून पाहतो त्या बाजूला.

इदरीसला दाखवावा असे मनात आले. तो बरा माणूस आहे, त्याला तीन मुले आहेत. नाही दाखवला.

आज अंक कापताना कामाचा मजकूर कोणता आणि साधा कोणता ते कळेना. हरवलेल्या म्हशीची जाहिरातही कापली.

सोमवार, ता. २६ एप्रिल

भर दुपारी टेबलाभोवती चार माणसे अंक धरून बसली होती. मी कपाटापाशी होतो. वर पाहिले तर चारही अंकांच्या भोकांतून डोळे माझ्याकडे पाहत होते. पापणी हलत नव्हती. एकही पान उलटत नव्हते.

मी ओरडलो. अंक खाली आले. इदरीस, पोस्टातला कारकून, आणखी दोघे. ते वाचत होते. फक्त वाचत होते. इदरीसने उठून माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "चाचा, हे काम सोडा. रोज दुसऱ्याची मयत धुतली तर आपल्या हाताला वास राहतो."

कोठे जाऊ? आणि मी सोडले तर रघ्या येईल कोठे?

शुक्रवार, ता. ३० एप्रिल

कार्ड आले. मंगळवारी पोचतो. मी खुशाल आहे.

डोळ्याची कड दिसते. उघडा आहे.

मंगळवार, ता. ४ मे

रघ्या आला. दारात उभा राहिला तर मी ओळखलेच नाही, इतका वाळला आहे. वाकून नमस्कार केला. त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो तर तो चटकन सरळ झाला.

उकाडा केवढा. मी म्हणालो, सदरा काढून बस. म्हणाला, असू दे, बाबा. जेवताना म्हणालो. असू दे. भिंतीला पाठ लावून बसतो. बाहेर काही वाजले की दाराकडे पाहतो.

मी विचारू शकत नाही. तो सांगत नाही. तीन वाट्या आमटी प्याला, एवढे बरे.

बुधवार, ता. ५ मे

देवा, तुझे उपकार!

सकाळी हौशीने अंगणात घंगाळ भरले. रघ्या आंघोळीला बसला. मी पाठ चोळायच्या निमित्ताने गेलो. तो नको नको म्हणत होता, तेवढ्यात हौशीने दरडावले की अरे, बापाचा हात आहे, तो का चावतो? तेव्हा त्याने सदरा काढला.

स्वच्छ. एक ओरखडा नाही. खांदा खाली आहे तो आंब्याचा. मी तेल लावले, पुन्हा पुन्हा हात फिरवला, आणि रडलो. त्याला वाटले, डोळ्यांत शिकेकाई गेली.

दुपारी पोटभर जेवलो. तासभर गाढ झोपलो. किती दिवसांनी.

गुरुवार, ता. ६ मे

मी हे काय केले.

काल संध्याकाळी आनंदात होतो. चहा घेत बसलो होतो. वाटले, आता त्याला सांगावे, हसू दोघेही, म्हातारा बाप कसा वेडा झाला होता. वही आणली, अस्तरातून फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हणालो, बघ, महिनाभर मी याला तू समजून बसलो होतो.

तो हसला नाही. कप खाली ठेवला, अगदी जपून. फोटो दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ पाहिला. मग कडेच्या पुसट माणसांवर बोट ठेवले, पुढून दुसऱ्यावर, आणि म्हणाला, हा मी.

आज सकाळी त्याने सगळे सांगितले. तुकड्यातुकड्यांनी. जसे सांगितले तसे लिहितो.

कारखान्यातल्या सगळ्यांना चौकात नेऊन उभे केले, बघण्यासाठी. मान फिरवायची नाही. बांधलेला माणूस यांना रोज दूध घालणारा होता. साहेबाने विचारले, मोजणार कोण? रघ्या पुढे होता, त्याला ओढले. मोठ्याने मोज. तीस.

याने एकपासून धरले. तिकडे राहून हिंदुस्थानी चांगले येते त्याला. दसपर्यंत नीट म्हटले. मग भीतीने जीभ घरी पळाली आणि तोंडातून ग्यारहऐवजी अकरा निघाले. अकरा, बारा. साहेबाने हात वर केला. हे काय म्हणतो? चेष्टा करतो? पुन्हा. एकपासून.

पुन्हा एकपासून. दुसऱ्या खेपेला अकराच्या धास्तीने जीभ अडली, आणि पुन्हा अकराच आले. पुन्हा एकपासून.

तिसऱ्या खेपेला तीस झाले. रघ्या म्हणाला, बाबा, त्याला तीस सांगितले होते. वरचे माझे.

आणि म्हणाला की दुसऱ्या खेपेला दूधवाल्याने मान वळवली. मोजणारा कोण आहे, ते पाहायला.

मी विचारले, तो जगला का? त्याला माहीत नाही. नंतर दूध दुसरा कोणी घालू लागला.

तर तो माझ्याकडे वळत नव्हता.

शुक्रवार, ता. ७ मे

रघ्या जेवला नाही. फोटो मागतो. मी देत नाही म्हटले तर हात पसरून बसून राहतो.

वर्षभर त्याने ते पाहिले नव्हते. मनात कोठेतरी दाबून, कामावर जाऊन, एकएक ओळ लिहून जगत होता. मी काढून त्याच्या हातात दिले. चहाबरोबर.

गठ्ठा आला. उघडला नाही. शेट येऊन ओरडून गेले.

तोंड पुरते वळले आहे. चाळिशीचा माणूस, मिशा, कपाळाला घाम. रघ्या नाही, कोणासारखाच नाही. तो कडेच्या पुसट माणसांकडे पाहतो आहे. ओठ थोडे उघडे.

शनिवार, ता. ८ मे

रघ्या मोजतो. खिडकीशी बसून. दसपर्यंत. मग थांबतो. मग पुन्हा एक.

चुलीपाशी गेलो, फोटो टाकायचाच म्हणून. जाळतो आहे असे सांगितले. रघ्याने माझे मनगट धरले. म्हणाला, त्याला सोडवू द्या, बाबा.

मी विचारले, कोणी सोडवायचे? कसे?

मनगट सोडले नाही. पण फार दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मला तेच —

इदरीस वैद्याला आणायला मोखाड्याकडे गेला आहे. उद्या दुपारी येतो म्हणाला. दुपारपर्यंत.

रविवार, ता. ९ मे. सकाळ

फोटो पाहिला.

टिकटी रिकामी आहे. शिपाई आहे, हात उगारलेला. चिरूटवाला आहे. कडेची माणसे आहेत. मधली चौकट रिकामी. दोऱ्या लोंबत आहेत.

सुटला! दूधवाला सुटला. रघ्याला सांगतो —

दुपार

रघ्या मधल्या दारात उभा आहे. हात वर करून, दोन्ही हातांनी चौकट धरून. सदरा काढलेला. पाठमोरा.

वाटले, उकडते म्हणून उभा असेल. हाक मारली. ओ दिली नाही.

हात सोडवायला गेलो. दोरी नाही, काही नाही, तरी सुटत नाहीत. हौशीला हाक मारली. ती आली, त्याची कंबर धरून ओढली, आणि मग तिने माझ्याकडे असे पाहिले — ती वैद्याला गाठायला रस्त्याने पळाली आहे. मोखाडा रस्ता. म्हातारी बाई.

आवाज झाला. काठीसारखा. माझ्या हातात काही नाही. खोलीत दुसरे कोणी नाही. त्याच्या पाठीवर एक रेघ उठली, या खांद्यापासून त्या कुशीपर्यंत. मीच तेल लावलेल्या पाठीवर.

त्याने म्हटले, एक.

लिहितो आहे. लिहिणे थांबवले तर बघावे लागेल.

तीन.

दारात माणसे जमली आहेत. वाचायला येणारी. आत कोणी येत नाही. बघत आहेत. मान फिरवीत नाहीत. अरे आत या रे, कोणीतरी धरा —

सहा. माझ्या अंगावर घेतो म्हणून पाठीला पाठ लावून उभा राहिलो. मला लागत नाही. त्यालाच लागते. आरपार.

तीस झाले की संपेल. तिसानंतर सोडतात. तीसच सांगितले होते.

आठ. आवाज कापतो आहे त्याचा. नऊ म्हणताना त्याने माझ्याकडे मान वळवली, लहानपणी पाटीवर उजळणी अडली की पाहत असे तसा —

दस.

रघ्या, ग्यारह. ग्यारह म्हण, बाळा. माझ्या तोंडाकडे बघ. ग्यारह. तो ओठ उघडतो आहे, जीभ टाळ्याला — नको, ते नको, ग्यारह, माझ्या राजा, ग्या